इंग्लिश मिक्श्चर आणि सिन्नरचा हात

नाशिकच्या सिडकोत पाइप ओढणारा मी एकटाच नसेनही, पण उघडपणे ओढणारा मी एकटाच. त्यामुळे गल्लीत माझं नाव 'साहेब' पडलंय. हे नाव काही कौतुकानं पडलेलं नाही. ज्याचं उभं आयुष्य अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये गेलं, ज्याच्या नखांतलं काळं तेल रिटायर झाल्यावरही पुरतं निघालं नाही, त्याला साहेब म्हणण्यामागचा अर्थ मला चांगला कळतो. शेजारचे अण्णा तर गच्चीवर धूर दिसला की खालूनच ओरडतात, "काय साहेब, सुटली का गाडी?"

सुटते. रात्रीच्या जेवणानंतर, एकदाच. गच्चीवर, कारण घरात बंदी आहे. बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "अहो, तुमचा धूर तुमच्यापाशी. पडद्यांना वास लागला तर पडदे तुम्ही धुवायचे." धुवायची पाळी येऊ दिली नाही. समोर पांडवलेणीचा डोंगर, खाली हायवेच्या गाड्यांचे दिवे, आणि हातात पाइप. आता पाइपमध्ये काय आहे, ते जरा सविस्तर सांगतो. कारण विचारणारे सगळे पाइपबद्दलच विचारतात, तंबाखूबद्दल कोणी विचारत नाही.

पाइपची तंबाखू म्हटलं की आपल्याकडे लोकांना व्हॅनिला, चेरी, चॉकलेट असले वास आठवतात. मोठ्या पानदुकानांत काचेमागे जे पाऊच दिसतात, ते बहुतेक त्याच जातीचे. फोडलं की मिठाईच्या दुकानात शिरल्याचा भास होतो, आणि पेटवलं की त्या वासातलं काहीच जिभेवर येत नाही. वास शेजाऱ्याला, गरम वाफ आपल्याला. मला तो प्रकार कधी जमला नाही. माझ्या पाइपमध्ये असतं ते इंग्लिश मिक्श्चर, याच्या बरोबर उलटं. त्यात वरून लावलेला अर्क, साखरेचा पाक वगैरे जवळजवळ काही नसतं. ब्रिटनमध्ये तंबाखूत काय मिसळायचं यावर कायद्याची कडक बंधनं बरीच वर्षं होती. मग तिथल्या दुकानदारांपुढे एकच वाट उरली: चव आणायची तर वेगवेगळी पानंच एकत्र करून आणायची. त्या सक्तीतून ही पद्धत तयार झाली.

आणि गंमत बघा, या इंग्लिश मिक्श्चरमध्ये इंग्लंडात पिकलेलं एकही पान नसतं. व्हर्जिनिया जातीची तंबाखू येते अमेरिकेतून, आफ्रिकेतून, ब्राझीलमधून. ओरिएंटल म्हणजे तुर्कस्तान-ग्रीस-मॅसिडोनिया भागातली, बोटाएवढ्या छोट्या पानांची, उन्हात वाळवलेली तंबाखू. आणि तिसरा लटाकिया, ज्याच्यामुळे हे सगळं मिश्रण काळंभोर दिसतं. व्हर्जिनिया आपल्याकडेही पिकते, आंध्रात, गुंटूर-राजमहेंद्रीकडे. गुंटूरला 1976 पासून टोबॅको बोर्डाचं ऑफिस आहे. पण त्यातला बराच माल सिगारेटीत आणि निर्यातीत जातो. आपल्या गच्चीपर्यंत पोहोचायचं तर तिला परदेशाची वारी करून, डब्यात बसून परत यावं लागतं.

लटाकियाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते वाचण्यासारखं आहे. लटाकिया हे सीरियाचं भूमध्य समुद्रावरचं बंदर. त्या भागातून हा माल बाहेर जायचा म्हणून हे नाव. आता बाजारात येतो तो सायप्रसच्या नावानं. पान आधी उन्हात वाळवतात. मग कोठारात टांगून खाली मंद धुमी ठेवतात. ज्वाळा नाही, नुसता धूर. सायप्रसच्या लटाकियासाठी पाइन, मर्टल, मस्तकी असली तिकडची झाडं-झुडपं जाळतात. हे आठवडेच्या आठवडे चालतं. पान धूर पितं, आक्रसतं, काळं पडतं. साधी तंबाखू वाळवताना धूर लागला तर माल खराब झाला म्हणतात, इथे धूर हाच माल आहे. डबा उघडल्यावर जो वास येतो, तो जळक्या लाकडाचा, चामड्याचा, आणि मागे कुठेतरी धुपाचा. सगळ्यांना आवडत नाही. अण्णांना एकदा हुंगायला दिला तर म्हणाले, "साहेब, ट्रकचं टायर जळलंय का कुठं?"

नव्यानं पाइप धरणाऱ्यांचा मात्र लटाकियावर फार जीव. जितका जास्त, तितकं भारी, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. काळ्या मसाल्यात दगडफूल असतं ना, तसा हा लटाकिया आहे. त्याच्याशिवाय मसाल्याला खोली येत नाही, पण मूठभर घातलं तर भाजी तोंडात धरवत नाही. मिक्श्चरचा कणा व्हर्जिनियाच. तिच्यात साखर जास्त, ती गोडवा देते आणि नीट जळते. ओरिएंटलमुळे थोडा आंबूस, सुवासिक, जिभेच्या कडांना जाणवणारा भाग येतो. लटाकिया मागून येऊन सगळ्यांना एका छपराखाली आणतो. पेटवल्यावर आधी धूर आणि मग बाकीचे, असं झालं तर मिक्श्चर चांगलं. धूर, धूर आणि धूर, असं झालं तर कोणीतरी तुम्हाला काळा रंग विकलाय.

या सगळ्यात डनहिलचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आल्फ्रेड डनहिलनं 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं. तिथे गिऱ्हाईक यायचं, आपली आवड सांगायचं, आणि त्याच्यासाठी वेगळं मिश्रण बनायचं. प्रत्येक मिश्रणाची वहीत नोंद, प्रत्येकाला नंबर. शिंप्याकडे आपल्या मापांची वही असते, तसलीच पद्धत. त्यातलं 965 नंबरचं मिक्श्चर पुढे सगळ्यांसाठी विकायला आलं आणि 'माय मिक्श्चर 965' म्हणून गाजलं. त्याच घरचे 'अर्ली मॉर्निंग पाइप' आणि 'नाइटकॅप'. डनहिलनं 2018 मध्ये पाइपच्या तंबाखूतून अंग काढून घेतलं. तेव्हा जगभर लोकांनी डबे साठवून ठेवले. 2019 पासून तीच मिश्रणं पीटरसन या आयरिश नावाखाली मिळायला लागली, आणि बनतात डेन्मार्कमध्ये. म्हणजे नाव आयरिश, कारखाना डॅनिश, पान तुर्की-सायप्रसचं-अमेरिकेचं, पद्धत इंग्लिश, ओढणारा सिडकोतला.

माझी पसंती अर्ली मॉर्निंगला. नाव सकाळचं असलं तरी मी रात्रीच ओढतो. त्यात लटाकिया बेतानं आहे, व्हर्जिनियाचा गोडवा शेवटपर्यंत टिकतो. 965 थोडं जास्त भरलेलं, त्यात कॅव्हेंडिशमुळे एक मऊपणा आहे. कॅव्हेंडिश म्हणजे वाफेवर आणि दाबाखाली मुरवलेली तंबाखू. नाइटकॅप मात्र माझ्या तब्येतीला झेपत नाही. त्यात अमेरिकेतल्या लुईझियानाची पेरिक असते, पिंपात दाबून आंबवलेली, मिऱ्यासारखी झणझणीत. रात्री नाइटकॅप ओढून झोप यायची ती लंडनच्या थंडीत येत असेल. नाशिकला एप्रिल महिन्यात, अर्ध्या वाटेतच डोकं गरगरायला लागतं.

आता सिन्नर.

माझी आई विड्या वळायची. सिन्नरला आमच्या आळीत हे काम घरोघरी. कारखान्यातून टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू मोजून मिळायची, विड्या वळून परत द्यायच्या, हजारावर मजुरी. कॉलेज रोडवरून जाताना बीवायके कॉलेजची पाटी वाचणाऱ्या कितीजणांना माहीत असतं कोण जाणे, की ती अक्षरं भिकुसा यमासा क्षत्रिय यांची, म्हणजे सिन्नरच्या विडी धंद्याची आहेत. शहर द्राक्षांवर आणि वाइनवर मिरवतं, पण जिल्ह्यातल्या किती चुली विडीवर पेटल्या याचं कोणी बोर्ड लावत नाही.

आईची बैठक मला अजून डोळ्यांसमोर दिसते, कारण शाळेतून आल्यावर मीही शेजारी बसून विड्यांचे कट्टे बांधायचो, 25-25चे. पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. मांडीवर सूप. सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू लांबट पसरायची, गुंडाळायची, तोंडाची घडी आत दाबायची, बुडाला दोरा. हे सगळं बोलता बोलता, न बघता. पण तंबाखू हातात घेताना मात्र ती हमखास थांबायची. पहिली चिमूट अंगठा आणि दोन बोटांत दाबून सोडायची. "पान ओलं आणि तंबाखू कोरडी," हा तिचा नियम. उलटं झालं की विडी पेटत नाही, पेटली तर जळत नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. मी पाइप घेतला, पुस्तकं-व्हिडिओ बघून भरायला शिकलो, पण दर दोन मिनिटांनी विझायचा आणि नळीत पाणी साचून गुरगुरायचा. दिवाळीला सिन्नरला गेलो तेव्हा डबा सोबत होता. आईनं विचारलं, "काय रे ते?" म्हटलं, तंबाखू आहे, विलायती. तिनं डबा ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला (वास घेताना चष्मा कशाला लागतो म्हणा), नाकाशी धरला.

"धुरी दिलीय का रे याला?"

मी बघतच राहिलो. लटाकियाचं नावही न ऐकलेल्या बाईनं एका श्वासात त्याची सगळी जन्मकुंडली मांडली. म्हटलं, हो, दिलीय. "मग चांगल्या लाकडाची दिलीय. पण ओली आहे." तिनं चिमूट उचलली, तीन बोटांत दाबली आणि सोडली. तंबाखूचा गोळा तसाच राहिला. "हे बघ. सोडल्यावर हळूहळू उघडली पाहिजे. गोळाच राहिला तर ओली, कुडकुडली तर मेली." आणि तिनं अर्धा डबा वर्तमानपत्रावर पसरून ओसरीत ठेवला. उन्हात नाही, सावलीत. ऊन लावलं की वास उडतो, हे तिचंच म्हणणं. तासाभरानं परत दाबून बघितली, बोटानं जरा उलथली, अजून थोडा वेळ ठेवली. संध्याकाळी मी पाइप भरला आणि तो मधे न विझता शेवटपर्यंत गेला. पाइपच्या पुस्तकांतही नेमकी हीच चिमूट-परीक्षा लिहिलेली असते. मी ती वाचली होती. वाचणं वेगळं आणि हजारो वेळा दाबून सोडलेली बोटं वेगळी.

ओढायचा मात्र तिला राग. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडच्या विड्या वळल्या, आता तूही पेटव," एवढंच म्हणाली, आणि परत डबा हुंगला.

तेव्हापासून माझं सगळं पाइप-शास्त्र ओल आणि हवा या दोन गोष्टींवर आलंय. डब्यातली तंबाखू मुद्दाम ओलसर ठेवलेली असते, म्हणजे ती टिकते. तिकडच्या थंड, कोरड्या घरात दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवली की होते तयार. नाशिकला ते गणित ऋतूप्रमाणे बदलतं. जून ते सप्टेंबर, त्र्यंबककडून ढग उतरले की इथली हवाच तंबाखूला पाणी पाजते. तेव्हा रात्रीसाठीची तंबाखू दुपारीच कागदावर पसरून ठेवतो, आणि घट्ट पावसाच्या दिवसांत थोडा वेळ टेबललॅम्पच्या उबेला. एप्रिल-मेमध्ये उलट. बरणीचं झाकण नीट बसलं नसलं तर महिन्याभरात पापडासारखी चुरचुरीत. मग काचेच्या बरणीत झाकणाच्या आतून ओलसर कापूस लावून तिला हळूहळू परत आणावं लागतं. पाणी थेट शिंपडायचं नाही, बुरशी धरते. आणि सगळ्यात सुखाचा काळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी. निफाडला पारा 5 अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा इथे गच्चीवर मफलर गुंडाळून बसायचं. त्या हवेत लटाकिया वेगळाच खुलतो. थंड हवेत धूर खाली रेंगाळतो, म्हणून वास नाकाला जास्त वेळ मिळतो, असं माझं मत.

भरण्याचं म्हणाल तर फार काही नाही. पहिली चिमूट सैल, नुसती टाकायची. दुसरी जरा दाबून. तिसरी घट्ट. न पेटवता ओढून बघायचं, हवा सहज आली पाहिजे. काडी पेटवल्यावर तिच्या टोकाचं गंधक जळून जाऊ द्यायचं, मग ज्योत गोल फिरवत सगळ्या पृष्ठभागाला लावायची. तंबाखू फुगून वर येते. ही पहिली पेटवणी विझणारच, विझू द्यायची. टँपरनं, म्हणजे दाबणीनं, हलकेच सपाट करायची आणि परत पेटवायची. माझी दाबणी मी पितळेच्या रॉडमधून लेथवर स्वतः काढलीय, बुडाचा व्यास पाइपच्या भांड्यापेक्षा, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीपेक्षा, दोन सूत कमी, वरती नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी खाचा. बाजारात मिळते तिच्यापेक्षा जड आहे, त्यामुळे हाताचा जोर लावावा लागत नाही, वजनच काम करतं. एवढं एक सोडलं तर मला या छंदात पैसे खर्च करायची हौस नाही.

आणि झुरके लहान. सिगारेट ओढलेल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच खेळवायचा, आणि निखारा जेमतेम जिवंत राहील इतकंच ओढायचं. भांडं गालाला लावून बघा, लावून धरवलं नाही तर तुम्ही घाई करताय. घाईची शिक्षा जिभेला मिळते, दुसऱ्या दिवशी चहाही झोंबतो. विझला तर विझला, परत पेटवायचा. परत पेटवण्यात कमीपणा मानणारे लोक मला कळत नाहीत. टूलरूममध्ये फायनल कट घेताना फीड, म्हणजे कापायचा वेग, वाढवणाऱ्या पोराला मी जे सांगायचो तेच इथे: ज्या कामात वेळ वाचवायचा नसतो तिथे वाचवू नये.

माझा पाइप देवळाली कॅम्पातला. एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं, ते घेतलेल्या भंगारवाल्याकडे पितळी नळ बघायला गेलो होतो. ट्रेमध्ये जुने चष्मे, कफलिंक, एक गंजका वस्तरा आणि त्यात हा पडलेला. सरळ दांड्याचा, दांड्यावर झिजलेली 'लंडन' अक्षरं. आतमध्ये जळक्या कार्बनचा थर इतका की करंगळी जाईना. ओठात धरायचा भाग एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, तो उन्हानं हिरवट-पिवळा पडलेला. भंगारवाल्याला वाटलं मी पितळी कडीसाठी घेतोय.

साफ करायला दोन-तीन संध्याकाळी गेल्या, आणि पाइपच्या या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मजा आली ती इथे. आतला थर हळूहळू खरवडला, सगळा नाही, दीड मिलिमीटर ठेवला. तो थर लाकडाला आचेपासून वाचवतो, फार जाड झाला तर तापून भांड्यालाच तडा देतो. मग भांड्यात जाडं मीठ भरून, त्यावर स्पिरिट टाकून रात्रभर ठेवलं. सकाळी मीठ तपकिरी, कोणाच्या तरी कितीतरी वर्षांचं डांबर त्यात उतरलेलं. एबोनाइटला पाण्याच्या पॉलिशपेपरनं, 600 पासून 2000 पर्यंत. घासताना गंधकाचा असा भपका येतो की बायको खालून म्हणाली, "आता काय अंडी नासवताय का वर?" हिरवा थर निघून खालून काळा, चकचकीत रंग वर आला. सांध्याचा तुकडा मात्र सैल होता, दांड्यात डुगडुगायचा. एबोनाइट गरम केलं की मऊ पडतं. मी त्याला हलकी आच दिली, आतल्या भोकात किंचित जाड, घासून गुळगुळीत केलेली स्टीलची पिन सरकवली आणि गार होऊ दिलं. पिन काढल्यावर सांधा मापात, फिट. वर्निअर लावून बघितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मायक्रॉनवर भांडलो, पण एका फिटिंगचा इतका आनंद क्वचितच झाला असेल.

भांडं ब्रायरचं आहे. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ तयार होते, तिच्या लाकडाचं. आगीला दाद न देणारं लाकूड म्हणून पाइपवाल्यांनी ते उचललं. या पाइपमध्ये मी फक्त लटाकियावाली मिश्रणं ओढतो. लटाकियाचा वास लाकडात मुरतो आणि नंतर त्यात साधी व्हर्जिनिया ओढली तरी तोच मागून डोकावतो. भाच्यानं आणलेला मक्याच्या कणसाचा पाइप आहे, व्हर्जिनियासाठी तो. हे कणसाचे पाइप अमेरिकेत मिसुरी राज्यात 1869 पासून बनतात. दिसायला खेळण्यातला, पण ओढायला एक नंबर.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगतो. 2015 च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम होतं. मी संध्याकाळी चक्कर मारायला गेलो होतो, खिशात पाइप होता, रिकामा. एका आखाड्यापाशी धुनी पेटलेली, बाबा चिलमीची छापी, म्हणजे तिला लावायचं ओलं फडकं, पिळत बसले होते. खिशातून डोकावणारा पाइप त्यांना दिसला. मागून घेतला, उलटा-सुलटा केला, भांड्यात नाक घातलं आणि हसत म्हणाले, "ये तो लेटी हुई चिलम है." आणि परत देताना छापीकडे बोट दाखवून विचारलं की याला ओलं फडकं कुठं लावतोस? छापी धूर गार करते. आमच्याकडे ते काम लांब दांडा करतो. धुनीच्या आणि लटाकियाच्या वासात फार अंतर नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं. अंगावरच्या शर्टाला दोन दिवस तो वास होता आणि बायकोला वाटलं मी पाइपच ओढून आलोय.

माल कुठून आणतो हे बरेचजण विचारतात. इंग्लिश मिक्श्चर नाशिकला दुकानात मला कधी दिसलं नाही. भाचा परदेशी असतो, तो येताना आणतो. कस्टमच्या नियमात प्रवाशाला तंबाखू 125 ग्रॅमपर्यंत विनाशुल्क आणता येते. डबा 50 ग्रॅमचा. म्हणजे दोन डबे आणि वर 25 ग्रॅमची हळहळ. म्हणून काटकसर करावी लागते, आणि त्यातून माझा स्वतःचा एक प्रयोग सुरू झाला. 965 चे दोन भाग आणि साध्या व्हर्जिनियाचा एक भाग, सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून, काचेच्या बरणीत मिसळायचे आणि निदान महिनाभर हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात दोन तंबाखू वेगवेगळ्या लागतात. नंतर त्यांचं जमतं. लटाकिया पातळ झाला की ओरिएंटल वर येते, जी मूळ मिश्रणात मला नीट सापडतच नव्हती. टूलरूमच्या जुन्या वहीत मी याची नोंद ठेवतो, प्रमाण, तारीख, शेरा. नंबर दिलेले नाहीत, डनहिल व्हायची हौस नाही.

आता तब्येतीचं. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असं सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. तोंडाचा, ओठांचा, घशाचा, फुफ्फुसाचा कॅन्सर पाइपनंही होतो, आणि सवय निकोटीनचीच लागते. मला हे माहीत आहे, आईच्या आळीतल्या खोकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या ओढतही नव्हत्या, नुसती तंबाखूची धूळ घेत होत्या. मी दिवसाला एकावर थांबतो ते डेंटिस्टच्या आणि बायकोच्या धाकानं. ज्यानं आजवर तंबाखू धरली नाही त्यानं हे वाचून धरू नये. लटाकियाचा वासच हवा असेल तर गच्चीवर या, डबा हुंगायला देतो, फुकट. रस्त्यावर, हॉटेलात, बागेत मी पेटवत नाही. 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. दुसऱ्याच्या नाकावर आपला लटाकिया कशाला.

आणखी एक, निपाणीचं. आमच्या घरात यायची ती विडीची तंबाखू निपाणीकडची. 1981 मध्ये शरद जोशींनी तिथल्या तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन उभं केलं होतं, तेव्हा मी शाळेत होतो. या विडीच्या तंबाखूचा अर्धा चमचा मिक्श्चरमध्ये घालून बघावा असं बरेच दिवस मनात होतं. गेल्या महिन्यात घातला. आई म्हणाली होती, "कशाला घालतोस, ती दादागिरी करेल." केली. ती जाळायला तिखट, पान जाड, लटाकियाला दाबून टाकते आणि डोक्यात हातोडा मारते. वहीत शेरा लिहिलाय: 'नको.'

भाचा मार्चमध्ये येतोय. त्याला सांगितलंय, एक डबा अर्ली मॉर्निंगचा आण, एक नुसत्या व्हर्जिनियाचा, फ्लेक, म्हणजे दाबून चकत्या केलेली, असेल तर उत्तम. नाइटकॅप स्वस्तात मिळाला तरी आणू नकोस. आणि जागा उरली तर पाइप क्लिनरचं पाकीट, पांढरे, जाडे. गेल्या वेळी त्यानं रंगीत आणले, ते त्याच्या पोरीच्या शाळेच्या हस्तकलेचे निघाले.